‘बियाण्याचं जमलं’ : उत्तर लिहिण्याआधी आपण नेमके काय ऐकतो?

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांना नमस्कार. एक प्रश्न विचारायचा आहे, पण तो नीट कळावा म्हणून त्यामागची हकीकत आधी सांगते.

माझा चुलत भाऊ जिंतूर तालुक्यात शेती करतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. तो जसाच्या तसा देते : ‘ताई, पहिली पेरणी गेली. दुबार करावी लागली. बियाण्याचं जमलं. आई विचारीत होती, तू पोळ्याला येशील का.’ मी तेव्हा ग्रंथालयात कामावर होते. मेसेज वाचल्याबरोबर मी त्याला दहा-बारा ओळींचे उत्तर पाठवले. पीक विम्याचा हप्ता भरलास का, नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते, सातबारा आणि बँकेचे पासबुक हाताशी ठेव, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करायची नसते, हे पुढच्या वर्षी लक्षात असू दे, असे सगळे त्यात होते. शेवटी ‘पोळ्याचे बघते’ असे लिहिले. त्याचे उत्तर आले : ‘हो ताई.’

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेले, तेव्हा गोठा रिकामा होता. बियाण्याचे ‘जमले’ होते ते बैलजोडी विकून. खांदमळणीच्या संध्याकाळी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलांच्या कानात सांगायची आमच्या घरची पद्धत आहे, आणि लहानपणापासून ते सांगण्याचा मान माझ्या या भावाकडे होता. त्या संध्याकाळी तो अंगणात नुसता बसून राहिला. काकूने दुसऱ्या दिवशी मातीचे बैल पुजले. पोळ्याला येशील का, हे काकूने का विचारले होते, ते मला तेव्हा उमगले. तो दिवस त्यांना एकट्याने काढायचा नव्हता.

मी लिहिलेल्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, आणि तरीही त्या मेसेजला ते उत्तर नव्हते. समोरासमोर असते तर त्याचा चेहरा पाहून मी थांबले असते, पण लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो आणि आवाजही नसतो. म्हणून विचारते की, उत्तर लिहायला घेण्याआधी तुम्ही काय ऐकता आणि ते कसे ऐकता?

कुंडलिका (जालना)

ताई, ‘हो ताई’ एवढेच उत्तर आले की आपल्या लिहिण्याने समोरचे दार लागले, असे मी आता समजते.

गुरुजी_पाटोदा

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक मजूरजोडी, धरली जाते. मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि पालकांशी आमचा संबंध उरतो तो फोनपुरता. बहुतेक जण लिहीत नाहीत, बोलून मेसेज पाठवतात, आणि तेही रात्री गाडी भरून झाल्यावर, मागे ट्रॅक्टरचा आवाज चालू असताना.

काही वर्षांपूर्वी एका आईचा सव्वातीन मिनिटांचा असा मेसेज आला. पहिले मिनिटभर ती मुलीच्या आधार कार्डाविषयी बोलत होती. तेवढे ऐकून मी तो बंद केला आणि कार्ड अद्ययावत कसे करायचे, ते तिला व्यवस्थित कळवले. तिचे पुन्हा काही आले नाही. चौथ्या दिवशी कोणते कागद हवेत हे पाहण्यासाठी मी तोच मेसेज परत लावला आणि या वेळी तो थांबवला नाही. सगळ्यात शेवटी, जवळजवळ कुजबुजत, तिने विचारले होते : ‘गुरुजी, ती रात्री उठून बसती का हो?’

आधार कार्ड हे बोलायला लागण्यापुरते निमित्त होते. शाळेतल्या माणसाशी बोलायचे तर शाळेचे काहीतरी काढले पाहिजे, असे त्या माउलीला वाटले असणार. तेव्हापासून मी असे मेसेज शेवटपर्यंत ऐकतो, दुसऱ्यांदा ऐकताना त्यातले प्रश्न वहीत उतरवून घेतो, आणि पोराविषयी विचारले असेल तर पोराला प्रत्यक्ष पाहून आल्याशिवाय उत्तर देत नाही. त्या आईला मी वसतिगृहात रात्र काढून मग कळवले : ‘उठत नाही. काल दोन भाकरी खाल्ल्या. उशाला तुमची चुंबळ घेऊन झोपते.’ चुंबळीचे तिला माहीत नव्हते.

मांजरा (लातूर)

दोन्ही अनुभव मनाला लागले, तरी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. माझे कृषी सेवा केंद्र आहे. खरिपाच्या दिवसांत मला रोज ऐंशी-नव्वद मेसेज येतात आणि त्यातल्या बहुतेकांना उत्तर तातडीने हवे असते. ‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?’ असे विचारणारा माणूस पंप पाठीवर घेऊन बांधावर उभा असतो. त्याच्या मनात काय चालले आहे याचा शोध घेत मी बसलो, तर त्याचा दिवस जाईल आणि कदाचित पीकही जाईल. वेळेवर दिलेले सरळ उत्तर हीसुद्धा एक कणवच आहे, आणि दुधनाकाठ ताईंनी विम्याची जी माहिती दिली, ती कोणी वेळेवर न दिल्यामुळे नुकसान झालेले शेतकरी मी पाहिले आहेत.

कयाधू (हिंगोली)

मांजरा दादा, तुमचेच उदाहरण घेते, कारण मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले आहे आणि हाच प्रश्न मलाही येतो. ‘पिवळं पडलंय’ या शब्दात निदान तीन वेगवेगळी दुखणी मावतात. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडले आहे, आणि चुनखडीच्या किंवा पाणी साचून राहिलेल्या रानात हे हमखास दिसते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर नत्राकडे पाहावे लागते. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील, तर तो पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग असू शकतो. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, त्या विषाणूवर फवारायचे औषध नाही, रोगट झाडे उपटून नष्ट करणे आणि माशीचा बंदोबस्त करणे एवढेच हाती असते. आता ‘काय मारू?’ या प्रश्नाला घाईने एक नाव सांगितले, तर तीनातल्या दोन शेतांवर पैसे वाया जातात.

म्हणून मी तीनच गोष्टी उलट विचारते : वरची पाने की खालची, शिरा हिरव्या आहेत का, आणि रानात पाणी साचले होते का. याला दोन मिनिटे लागतात. पिकाच्या बाबतीत सुद्धा ऐकणे असते, ते पानाचे ऐकणे असते, इतकेच मला म्हणायचे आहे.

ताईंच्या उत्तरातल्या एका वाक्याविषयीही सांगते. ७५ ते १०० मिलिमीटरची शिफारस योग्यच आहे आणि मी स्वतः ती मे महिन्यात गावोगाव सांगते. परंतु ज्याची पेरणी नुकतीच वाया गेली आहे, त्याला जुलैत ती सांगितली की सल्ल्याचा बोल होतो.

मांजरा (लातूर)

कयाधू ताई, तुमचे तीन प्रश्न मी दुकानात लिहून लावतो. तातडीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

ताजा_कलम (छत्रपती संभाजीनगर)

मी तेवीस वर्षे एका कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या अर्जांना उत्तरे लिहिण्याचे काम केले. आमच्याकडे ठरलेले मसुदे असत. ‘आपला दिनांक अमुकचा अर्ज प्राप्त झाला’ येथून सुरुवात, आणि नियमाचा क्रमांक देऊन शेवट. रुजू झाले तेव्हा मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक सवय लावली, ती सांगते. ते म्हणत, अर्ज खालून वर वाचावा. माणूस वर सगळे मानाचे आणि रीतीचे लिहितो, आणि जे सांगायला लाजतो किंवा भितो, ते सही करून झाल्यावर ‘ता. क.’ म्हणून टाकतो.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला वेळेवर न आल्यामुळे एका आजींचे निवृत्तिवेतन थांबले होते. अर्जात त्यांनी रक्कम, महिना, बँकेची शाखा असे सर्व लिहिले होते, आणि सहीखाली बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘मी जिवंत आहे हे सांगायला माझ्यासोबत येणारे आता कोणी नाही.’ मसुद्याप्रमाणे उत्तर गेले असते, तर ‘दाखला सादर करावा’ असे गेले असते. मी ती शेवटची ओळ आधी वाचली होती, म्हणून घरी जाऊन दाखला घेण्याची सोय कशी करता येईल ते वरिष्ठांना विचारले आणि उत्तरात येणाऱ्या माणसाचा वार आणि वेळ लिहिली. पत्र चारच ओळींचे होते.

दुधनाकाठ ताई, तुमच्या भावाच्या मेसेजची शेवटची ओळ पाहा. ‘आई विचारीत होती, तू पोळ्याला येशील का.’ तो त्याचा ताजा कलम होता.

आसना (नांदेड, सध्या पुणे)

मी सर्वांपेक्षा वयाने लहान आहे, तरी एक विरोधी मत मांडतो, राग मानू नये. मी तीन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहे. घरून, गावाकडून, मित्रांकडून जे मेसेज येतात, त्यांना मी ‘मजेत आहे’, ‘अभ्यास चालू आहे’ अशी उत्तरे देतो. ती उत्तरे खोटी नसतात, तो एक पडदा असतो आणि मी तो जाणून लावलेला असतो. कोणी ‘मजेत म्हणजे कसा?’ असे खोदून विचारले, की मला उघडे पडल्यासारखे वाटते. भावाने ‘बियाण्याचं जमलं’ असे लिहिले आणि कसे जमले ते लिहिले नाही, त्याअर्थी कदाचित त्याला ते सांगायचे नव्हते. मग प्रत्येक शब्दामागे जाऊन पाहणे हे ऐकणे आहे की घुसणे आहे?

निशिगंध

आसना, तुझा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. मी समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

ऐकणे आणि उकरणे यांत फरक आहे, आणि तो प्रश्नाच्या रूपात दिसतो. ‘कसे जमवलेस? कर्ज काढलेस का? कोणाकडून?’ ही चौकशी झाली. ‘दोनदा पेरावं लागलं, म्हणजे हंगाम फार जड गेला. बोलावंसं वाटलं तर रात्री फोन कर, मी जागी असते’ असे लिहिले, तर दार उघडे राहते आणि आत यायचे की नाही ते समोरचा ठरवतो. माणसाने वापरलेला शब्द आपण त्याच्याच अर्थाने परत उच्चारला, की आपले म्हणणे पोहोचले असे त्याला कळते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची शिस्तशीर मांडणी केली, परंतु आपल्या आज्या ओसरीवर बसून हेच करत आल्या आहेत. ‘दोनदा पेरलं म्हणतोस, अगं बाई’ असे म्हणून त्या गप्प बसतात, आणि पुढचे समोरच्याच्या तोंडून येते.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्या लोकांसाठी सल्ला देण्याचे काम सुरू केले. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना चहा देऊन त्यांच्याजवळ बसणारे काही स्वयंसेवक तिथे होते. थोड्याच काळात असे दिसले की, पुष्कळ जणांना या स्वयंसेवकांजवळ बोलूनच हलके वाटते आणि आतल्या सल्ल्याची त्यांना गरज उरत नाही. पुढे ते सगळे कार्यच स्वयंसेवकांकडे सोपवले गेले. प्रशिक्षणात मी ही गोष्ट नेहमी सांगते, कारण सल्ला देता आला नाही तर आपण निरुपयोगी ठरू, ही भीती ती घालवते.

एक गोष्ट मात्र आपल्या भागापुरती फार स्पष्टपणे सांगते. मेसेजमध्ये ‘आता सगळं मिटवून टाकतो’, ‘माझ्यामागं लेकरांकडं बघा’ अशी भाषा आली, तर सुंदर उत्तर लिहीत बसू नये, ताबडतोब फोन करावा आणि जवळच्या कोणाला तरी त्यांच्याकडे पाठवावे. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते. शासनाची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि आसना, ‘मजेत आहे’ हा पडदा तू जरूर ठेव. फक्त एका तरी माणसासाठी तो बाजूला करता येईल, असे असू दे.

आसना (नांदेड, सध्या पुणे)

एक माणूस आहे. धन्यवाद, ताई.

चाक_आणि_माती (तेर)

आमच्या घरात पाच पिढ्या चाक फिरते आहे, म्हणून मला हे सगळे मडक्याच्या भाषेत सुचते. भाजलेले मडके आम्ही टिचकी मारून पारखतो. पक्के असेल तर खणखणीत नाद येतो, आणि चीर असेल तर आवाज बसका येतो, मग चीर डोळ्यांना दिसो की न दिसो. ‘जमलं’ या शब्दाचा आवाज बसका होता, असे मला ताईंचा मेसेज वाचताना जाणवले. पैसे सहज आले असते, तर माणूस ‘बियाणं आणलं’ असे लिहितो.

आमच्या तेरचे गोरोबाकाका यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे, म्हणजे मडके थापटायच्या लाकडी साधनाकडे, बोट दाखवून हे काय आहे असे विचारले आणि गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर ते मारून कच्चे कोण, पक्के कोण ते पाहिले. बाकी सगळे गप्प राहिले, नामदेव रागावले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. लहानपणी मला यातला मार तेवढा आठवायचा. आता वाटते की गोरोबाकाका मारत नव्हते, कान देत होते.

कयाधू (हिंगोली)

नामदेव आमच्या नरसीचे, त्यामुळे त्यांची बाजू मांडणे मला भाग आहे! डोक्यावर थापटणे बसल्यावर रागावणारा माणूस मला जवळचा वाटतो. आणि त्याच कथेत पुढे नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे, म्हणजे पुढे जे त्यांचे गुरू झाले त्यांच्याकडे, गेले, म्हणजे झालेल्या बोलण्यावर त्यांनी वाटेभर विचार केलाच असणार. पहिले उत्तर रागाचे गेले तरी दुसरे उत्तर द्यायची संधी असते, असा मी त्याचा अर्थ घेते. दुधनाकाठ ताईंनाही ती संधी आहे.

माळवद (औसा तालुका)

मी एरवी केवळ वाचतो. आज लिहावेसे वाटले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंती वरच्या माळवदासकट खाली आल्या. माझे गाव किल्लारीपासून काही अंतरावर असल्याने आमच्याकडे पडझड झाली, पण माणसे वाचली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पलीकडच्या गावांत मदतीला गेलो, आणि अक्षर चांगले म्हणून मला पत्रे लिहायला बसवले. मुंबई-पुण्याला असलेल्या मुलांना कार्डे लिहायची होती.

एक म्हातारे बाबा माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या घरातली चार माणसे गेली होती. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, ‘लिही, दारातला आंबा उभा हाय.’ धक्क्याने त्यांना भ्रम झाला असावा, असे मला वाटले. मी कार्डावर माझ्या मनाने लिहायला घेतले : घडलेली घटना, गेलेल्यांची नावे, ‘धीर धरून ताबडतोब निघून यावे’. लिहून वाचून दाखवले. बाबांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘आंबा कुठाय?’ मी म्हणालो, ‘बाबा, आंब्याचे नंतर लिहू.’ तेव्हा ते म्हणाले, ‘आरं, सगळा ढीग झालाय. पोरगं आलं तर त्याला घर कशावरून सापडंल?’

गल्ली राहिली नव्हती, भिंत राहिली नव्हती, देऊळ ओळखू येत नव्हते. तो आंबा हा त्यांच्या घराचा उरलेला एकमेव पत्ता होता, आणि मी तो गाळून पत्र लिहिले होते. मी कार्ड फाडले आणि दुसऱ्यावर पहिली ओळ आंब्याची लिहिली. त्या दिवशी मी आणखी सतरा कार्डे लिहिली, आणि प्रत्येकाला आधी एवढेच विचारले की, सगळ्यात वर काय लिहू?

गुरुजी_पाटोदा

माळवद काका, ‘सगळ्यात वर काय लिहू?’ हा प्रश्न मी माझ्या वर्गात नेणार आहे. मुलांना पत्रलेखन शिकवताना आम्ही मायना, मजकूर आणि समारोप शिकवतो, हा प्रश्न शिकवत नाही.

पाठभेद (अंबाजोगाई)

मराठी शिकवत असल्यामुळे एक भर घालावीशी वाटते. आपल्या भाषेतील आद्य गद्य ग्रंथच मुळात ऐकण्यातून झाला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी लिहायच्या ठरवल्या, तेव्हा ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या विचारून घेतल्या. म्हणूनच ‘लीळाचरित्रा’तली माणसे आपापल्या बोलीत बोलतात आणि गोदाकाठची गावे त्यांच्या लहानसहान तपशिलांसह दिसतात. एकाच प्रसंगाविषयी सांगणाऱ्यांचे वेगळे म्हणणे असेल, तर तेही त्या परंपरेने टाकून दिले नाही. आसनाच्या शंकेलाही यात काही उत्तर आहे : ज्याची आठवण त्याच्याच शब्दांत ठेवावी, स्वतःचे शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत.

कुंडलिका (जालना)

गेल्या वर्षी माझे वडील गेले. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या अशा तीन गटांवर मिळून शेकडो वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आले. पाठवणाऱ्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही, परंतु चौथ्या दिवसानंतर मी ते उघडणे बंद केले होते. त्यात पिठाच्या गिरणीवाल्या दादांचा एक मेसेज दबून राहिला आणि तो मला तेराव्यानंतर दिसला. त्यांनी लिहिले होते : ‘काका दळण घेऊन आले की म्हणायचे, आधी बायांचं होऊ दे, मला कुठं चूल पेटवायचीय. दर वेळी डबा शेवटी न्यायचे. काल डबे लावताना शेवटची जागा रिकामी ठेवली.’

माझ्या आईने तो मला तीनदा वाचायला लावला. ऐकणे म्हणजे समोर आलेला मेसेज नीट वाचणे इतकेच आपण येथे धरून चाललो आहोत, पण त्या दादांनी वडिलांचे बोलणे वीस वर्षे ऐकून ठेवले होते. असे शब्द आयत्या वेळी शोधून मिळत नाहीत.

मांजरा (लातूर)

माझे मामा हदगावकडे असतात. त्यांना ‘कसे आहात?’ असे विचारले की उत्तर येते : ‘वीतभर ओल गेली.’ प्रकृतीविषयी ते कधीच लिहीत नाहीत. आधी मला वाटायचे की यांना प्रश्नच कळत नाही. आता मी ते बरोबर वाचतो : वीतभर ओल म्हणजे मामा ठणठणीत, ‘आभाळ नुसतंच येतंय’ म्हणजे गुडघे दुखत आहेत. मामींना विचारून मी याची खात्री करून घेतली आहे!

आणि तातडीविषयी माझे मत थोडे बदलले आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने ‘तणनाशक कोणतं चांगलं?’ असे विचारले. त्याच्याकडे तण उगवण्याइतका पाऊसच झालेला नव्हता. एरवी मी नाव सांगून मोकळा झालो असतो. मी फोन केला आणि पिकाचे विचारले. निशिगंध ताईंना मला काय म्हणायचे आहे, ते कळेल. त्याच्या थोरल्या भावाला मी लगेच कळवले. आता तो बरा आहे आणि भाऊ त्याच्या सोबत राहतो आहे.

निशिगंध

दादा, तुम्ही फार मोठे काम केलेत. त्या घरात औषधाची बाटली राहू देऊ नका, आणि पुढचे काही आठवडे त्याला अधूनमधून स्वतःहून फोन करत राहा. तुम्हालाही बोलावेसे वाटले तर मला व्यक्तिगत मेसेज करा.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांची उत्तरे मी दोन-दोनदा वाचली. मांजरा दादांचा मेसेज वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकले नाही.

आसनाने विचारलेला प्रश्न मी भावालाच विचारला. रविवारी मी जिंतूरला गेले होते. म्हटले, ‘मी तेव्हा कसं जमलं म्हणून विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस का?’ तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘सांगितलंच असतं असं नाही, ताई. पण मी विमा बी विचारला नव्हता.’ मग आपण होऊन त्याने बैल कुठे गेले ते सांगितले. पालमच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने ते घेतले आहेत, आणि त्या माणसाने पोळ्याला सजवलेल्या जोडीचा फोटो याला पाठवला होता. तो फोटो त्याने मला दाखवला. मी काही बोलले नाही. डावीकडच्या बैलाचे नाव काय होते, एवढे विचारले. त्यानंतर तो तासभर बोलत होता.

आज सकाळी त्याचा नवा मेसेज आला आहे : ‘आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी परभणीला ठरलं. गाडीचं जमलं.’ पुन्हा तोच शब्द आहे. मी अजून उत्तर लिहिलेले नाही. दुपारी तो रानातून परत येतो, तेव्हा फोन करणार आहे.

वसमत_रोड (परभणी)

ताई, मी परभणीतच राहतो आणि घर मुख्य रस्त्याला आहे. बुधवारी दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून येईल. दुपारी फोन कराल तेव्हा एवढे विचारून सांगा की, सोबत किती माणसे आहेत, काकूंना भाकरी चावते का, आणि तिखट किती चालते.